सीतेची कथा आणि मालकीचा दस्तऐवज

कथेवर कोणाची मालकी असते काय, हा प्रश्न आपल्या पूर्वसूरींना फारसा पडला नाही; वाल्मीकींची कथा एकनाथांनी ‘भावार्थ रामायणा’त नव्याने मांडली, मोरोपंतांनी तर १०८ रामायणे रचल्याची ख्याती आहे, आणि त्यासाठी कोणाचे परवानगीपत्र मिळवण्याची गरज त्यांपैकी कोणासही भासली नाही. संगणकावर चित्रे रेखाटणाऱ्या आजच्या कलावंतापुढे मात्र हाच प्रश्न कोर्टकचेरीच्या भाषेत उभा राहतो, आणि योगायोग असा की त्याचे सर्वांत बोलके उदाहरण रामायणावरच्याच एका चित्रपटात सापडते.

नीना पेली या अमेरिकन व्यंगचित्रकर्तीने स्वतःच्या मोडलेल्या संसाराची आणि सीतेच्या परित्यागाची कहाणी एकमेकींत गुंफून, घरच्या संगणकावर जवळजवळ एकहाती, ‘सीता सिंग्ज द ब्लूज’ हा ॲनिमेशनपट २००८ साली पूर्ण केला. त्यातील सीता गाते ती ॲनेट हॅन्शॉ या गायिकेने १९२०च्या दशकाच्या अखेरीस गायिलेली गाणी. सीतेच्या कथेसाठी एक कवडीही मोजावी लागली नाही. परंतु त्या गाण्यांच्या रचनेचे हक्क कंपन्यांच्या दफ्तरी अद्याप हयात होते, आणि त्यांपोटी प्रथम सुमारे २,२०,००० डॉलरांची मागणी झाली. घासाघीस होऊन हा आकडा ५०,००० वर आला, तेव्हा बाईंनी कर्ज काढले. सहस्रावधी वर्षांची कथा निर्वेध आणि ऐंशी वर्षांची चाल कुलूपबंद, हा विरोधाभास कायद्याला मात्र मान्य आहे.

कायद्याचे म्हणणे असे की कल्पना कोणाचीच नसते. तिला दिलेला विशिष्ट आविष्कार तेवढा निर्मात्याचा असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या नाटकाच्या खटल्यात हेच तत्त्व निःसंदिग्धपणे सांगितले. तत्त्व न्याय्य आहे. अन्याय्य आहे ती मुदत. भारतात निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे आणि अमेरिकेत त्या काळच्या रचनांना ९५ वर्षे संरक्षण लाभते, तेव्हा ते कलावंतासाठी उरत नाही, त्याच्या वारसांसाठी व व्यापाऱ्यांसाठी उरते.

या अनुभवानंतर पेलीबाईंनी कायदा मोडला नाही. कायद्यानेच दिलेला हक्क त्यांनी निराळ्या रीतीने बजावला. २००१ साली स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने २००२ मध्ये जे परवाने तयार केले, त्यांपैकी एकाखाली त्यांनी २००९ साली चित्रपट सर्वांस खुला केला: कोणीही तो दाखवावा, विकावा, बदलावा, शर्ती दोनच, निर्मात्याचे नाव द्यावे आणि नव्या कृतीसही हीच मोकळीक ठेवावी. अशा परवान्यास मालकीचा त्याग समजणे ही मोठी गैरसमजूत होय. या शर्ती बंधनकारक ठरतात त्या स्वामित्वहक्काच्याच बळावर. ज्याच्यापाशी हक्क नाही त्याला शर्त घालता येत नाही, आणि म्हणूनच गाण्यांच्या रचना मोकळ्या करणे त्यांच्या अधिकारात नव्हते. खरा त्याग त्यांनी २०१३ साली केला, जेव्हा या दोन शर्तीही काढून आपले सारे हक्क त्यांनी सोडून दिले.

कलावंताने मग खावे काय, ही शंका रास्त आहे, आणि मुक्त परवाना हे तिचे संपूर्ण उत्तर नव्हे. उपजीविकेसाठी हक्क राखून ठेवणारा चित्रकार लोभी ठरत नाही. कोणते चित्र राखावे आणि कोणते सोडावे, हा निर्णय त्याचाच असला पाहिजे. परंतु निर्णयच न घेणे हे सर्वांत वाईट. आपल्या १९५७च्या कायद्यान्वये कृती निर्माण होताच, कोठेही नोंदणी न करता, हक्क आपोआप उत्पन्न होतो; मौन पाळणाऱ्याचे चित्र त्यामुळे सद्भावाने वागणाऱ्यास वापरता येत नाही आणि चोराला मात्र अडवत नाही. संगणकावर चित्रे काढणाऱ्या मराठी कलावंतांना म्हणूनच विनंती एवढीच, की चित्राखाली नाव लिहिताना इतरांस कोणती मुभा आहे आणि कोणती नाही, हेही एका ओळीत लिहावे.