पाहुणा आणि श्रीखंड्या

आमचे एक स्नेही बँकेतून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा परदेशी असतो. आईवडिलांच्या लग्नाला चाळीस वर्षे होतात म्हणून त्याने येत्या एप्रिलमधल्या भूमध्य समुद्रावरील दहा दिवसांच्या जलपर्यटनाची तिकिटे काढून पाठविली, आणि सोबत बोटीची एक गुळगुळीत माहितीपुस्तिका. ती काखोटीला मारून स्नेही एका रविवारी सकाळी माझ्याकडे आले. "काय ओ हेडमास्तर, यातलं फुकट काय नि पैशाचं काय, तेवढं जरा उलगडून सांगा की. तिथं जाऊन हसं नको व्हायला."

माझा सागरी प्रवास म्हणजे पणजी ते बेतीची फेरीबोट. तेव्हा मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले. हा खानापूर तालुक्यातला, २००४ च्या दहावीच्या वर्गातला. पुढे गोव्यात हॉटेलचे शिक्षण घेऊन तो बोटीवर लागला. आधी कित्येक वर्षे मोठ्या बोटीवर केबिन स्टुअर्ड आणि आता एका लहान, पण फार महागड्या बोटीवर बटलर. गोव्यात अशा माणसाला 'तारवटी' म्हणतात, आणि तिथल्या कितीतरी घरांच्या भिंती या तारवट्यांच्या पगारावर उभ्या आहेत. दोन करारांमधल्या सुट्टीत तो घरी आलेला होता. लगेच आला.

स्नेह्यांच्या शंकांचे निरसन त्याने चटकन केले. मोठ्या बोटीवर तिकिटात खोली, मुख्य भोजनगृह, बुफे, पोहण्याचे तलाव, नाटक-गाणी एवढे येते. मद्य, खास उपाहारगृहे, इंटरनेट, स्पा आणि बंदरावरच्या सहली यांचे बिल निराळे. खोलीची किल्ली असलेले कार्ड हाच बटवा. रोख पैसा कुठे दिसत नाही, म्हणून खर्चही दिसत नाही. ऐषारामी बोटीवर यातले बरेचसे, टीपसुद्धा, तिकिटातच धरलेले असते आणि खोलीमागे बटलर मिळतो. मात्र स्पा आणि डॉक्टर यांचे पैसे बहुधा तिथेही मोजावे लागतात. बोटीवरचा दवाखाना महाग असतो, म्हणून प्रवासाचा विमा काढावाच. शाकाहारी असल्यास महिनाभर आधी लिहून कळवावे. रात्रीच्या जेवणाला बहुतेक ठिकाणी अर्धी चड्डी चालत नाही. एवढ्यावर स्नेह्यांचे समाधान झाले. माझे झाले नाही.

जहाज हे पूर्वी वाहन होते. कुठेतरी पोचायचे म्हणून माणूस त्यात बसत असे. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडणारे प्रवासी घटत आणि मोठमोठी जहाजे रिकामी पडत. हॅम्बुर्गच्या आल्बर्ट बालिन या व्यवहारी गृहस्थाने १८९१ च्या जानेवारीत 'आउगुस्टा व्हिक्टोरिया' हे जहाज भूमध्य समुद्रात केवळ हौसेखातर हिंडवून आणले, आणि तेव्हापासून जहाज हेच मुक्कामाचे ठिकाण होऊ लागले. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या अजस्र बोटीवर सात तलाव आहेत. एका खोलीत दोघे धरले तर ५,६१० प्रवासी आणि त्यांच्या दिमतीला २,३५० कर्मचारी. ऐषाराम वाढतो तसे हे प्रमाण बदलते. २०२३ सालच्या 'सिल्व्हर नोव्हा'वर ७२८ पाहुण्यांमागे सुमारे साडेपाचशे माणसे राबतात. म्हणजे पुस्तिकेत ज्याला 'सोयी' म्हटले आहे तो तलाव नव्हे, गालिचा नव्हे, झुंबरही नव्हे. ते सारे मोठ्या बोटीवरही असतेच. ऐषाराम म्हणजे दर पाहुण्यामागे दुसऱ्या माणसाच्या आयुष्यातले अधिक तास, एवढाच त्याचा हिशेब.

हे तास कुठून येतात? सागरी कामगारांसाठी २००६ साली झालेला आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अमलात आहे आणि भारताने त्यास २०१५ मध्ये मान्यता दिली. त्यानुसार खलाशाला चोवीस तासांत किमान १० आणि आठवड्यात किमान ७७ तास विश्रांती मिळाली पाहिजे. चांगलीच तरतूद आहे. पण आठवड्याचे तास १६८. त्यातून ७७ वजा करा. उरलेल्या ९१ तासांचे काय, हे सातवीतला मुलगासुद्धा विचारील. "सर, रविवार नसतो तिकडं," माझा विद्यार्थी म्हणाला. सहा ते नऊ महिन्यांचा करार, आठवड्याचे सातही दिवस काम. राहायला पाण्याच्या रेषेजवळ किंवा तिच्याही खाली दोघांत एक केबिन, एकावर एक बिछाने, बहुधा खिडकी नाही. खालच्या मजल्यावर बोटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाणारा एक लांबलचक बोळ असतो. त्याला अमेरिकेतल्या महामार्गावरून 'आय-नाइन्टीफाइव्ह' म्हणतात. अन्न, चादरी, कचरा, माणसे, सगळी वाहतूक त्या बोळातून. वरच्या गालिच्यावर एक दार उघडते, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस ट्रे घेऊन बाहेर येतो आणि दार पुन्हा भिंतीसारखे होऊन जाते. पाहुण्याला ते दार दिसू नये अशीच रचना असते. मला वाटते, पाहुणा ज्या गोष्टीचे सर्वांत जास्त पैसे मोजतो ती हीच. त्याला न दिसण्याची सोय.

इथे मला आपल्या एका कथेची आठवण होते. एकनाथांच्या वाड्यात श्रीखंड्या नावाचा एक गडी बारा वर्षे राबला. चंदन उगाळी, कावडीने गोदेचे पाणी आणी, रांजण भरी. पुढे द्वारकेहून एक ब्राह्मण शोध करीत आला तेव्हा उलगडले की हा गडी म्हणजे प्रत्यक्ष भगवंत. आणि तोवर श्रीखंड्या नाहीसा झाला होता. नाथांना अपार दुःख झाले. ही कथा आम्ही लहानपणी भक्तिभावाने ऐकली, पण पुढे वय वाढल्यावर मला तिच्यात एक काटा टोचू लागला. नाथांना दुःख कशाचे झाले? ज्याच्याकडून पाणी भरवले तो देव निघाला याचे, की बारा वर्षे एक माणूस डोळ्यांसमोर असून तो आपण पाहिला नाही याचे? श्रीखंड्या जर नुसताच श्रीखंड्या निघाला असता, पैठणच्या पंचक्रोशीतला कोणी गरीब पोरगा, तर मग दुःखाचे कारण उरले नसते काय? नाथांचे चरित्र पाहता त्यांच्यापुरते उत्तर ठाऊक आहे. तापलेल्या वाळवंटातून ज्यांनी महाराचे पोर उचलून घेतले त्यांना देव असण्याची अट लागत नव्हती. आपले उत्तर मात्र तितके सरळ नाही.

पैसे मोजले की प्रश्न मिटला, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. आणि त्यांचे म्हणणे अगदी उडवून लावण्यासारखे नाही. खानापूरच्या पोराने बोटीवर जाऊन घर बांधले, बहिणीची लग्ने केली. ऐषारामी माणसे उद्या विरक्त होऊन घरी बसली तर त्याच्या हाती काय येईल? बोटीवर न जाण्याने कोणाचे भले होते असे मला वाटत नाही. पण पैसे मोजण्याचीही एक तऱ्हा असते. मोठ्या बोटींवर माणशी रोज साधारण सोळा ते वीस डॉलर टीप म्हणून आपोआप खात्यावर मांडतात. वेतनाचा काही भार अशा रीतीने पाहुण्याच्या मर्जीवर टाकलेला असतो. विद्यार्थी सांगत होता, सहलीच्या शेवटच्या रात्री काउंटरपुढे रांग लागते. कशाची, तर ही रक्कम खात्यावरून काढून टाकण्याची. दहा दिवस 'थँक्यू' म्हणणारे चेहरे त्या रांगेत असतात. कायद्याने त्यांचे काही चुकत नाही.

ॲरिस्टॉटलने गुलामाला 'सजीव हत्यार' म्हटले, आणि असेही लिहिले की धोटे जर आपोआप कापड विणू लागले तर धन्याला गुलामांची गरज उरणार नाही. यंत्रे आली, धोटे खरोखर आपोआप चालू लागले. तरी ऐषाराम म्हटला की आपल्याला यंत्र नको असते, माणूसच हवा असतो. कॉफीचे यंत्र खोलीत असले तरी ती कोणीतरी हसून आणून द्यावी लागते. म्हणजे हवे असते ते काम नव्हे; आपल्यासाठी कोणीतरी वाकतो आहे हे दृश्य हवे असते. ही भूक श्रीमंतांचीच असते असे नाही. माझ्या टेबलावर गेली अकरा वर्षे एक पितळी घंटी आहे. ती वाजवली की शिपाई येतो. चहा माझ्या टेबलापासून पंधरा पावलांवर होतो. हा लेख लिहिताना माझ्या लक्षात आले की तो स्वतः दुपारी किती वाजता जेवतो हे मला सांगता येणार नाही.

मग लाज वाटून घ्यावी काय? मला वाटले होते, तेच उत्तर. विद्यार्थ्याने ते खोडून काढले.

त्याच्या बोटीवर एकदा आपल्याच भागातले एक जोडपे आले होते. मराठी बोलणे कानावर पडले तरी तीन दिवस हा गप्प राहिला. चौथ्या दिवशी बाई नवऱ्याला म्हणाल्या की इथला चहा म्हणजे नुसते पाणी. याने खाली जाऊन आले घालून चहा उकळून आणला आणि मराठीतच म्हणाला, "घ्या काकू." झाले. त्यांना भरून आले; गाव विचारले, घरी कोण कोण ते विचारले. आणि दुसऱ्या दिवसापासून काकू पहाटे उठून पलंग स्वतः आवरू लागल्या. काका टॉवेल घडी करून ठेवत. घंटा वाजेना. "आपल्यातल्याच पोराला कसं सांगायचं," असे ते एकमेकांत म्हणताना याने ऐकले.

"त्यांनी चांगल्या मनानं केलं, सर," तो म्हणाला. "पण सहा दिवस मी दाराशी उभा. गोऱ्या माणसाचा पलंग घातला तर चालतं, नि त्यांचा घातला तर मला कमीपणा? म्हणजे हे काम कमीपणाचंच आहे, असं त्यांना आधीपासून वाटत होतं. मला नव्हतं वाटत. त्या सहा दिवसांत मला पहिल्यांदा वाटलं."

यावर काय बोलावे हे मला सुचले नाही. त्या भल्या काकूंना श्रीखंड्या आपल्या जातकुळीचा निघाल्याचे दुःख झाले होते. पहिल्या तीन दिवसांत तो कोण होता, हा प्रश्न तसाच राहिला. न पाहणे हा एक अपमान, आणि पाहिल्यावर लाजून डोळे वळवणे हा बहुधा दुसरा. यांच्या मधली वाट अरुंद आहे. जिथे आपण काम सांगतो, मोकळेपणाने सांगतो, ते नीट झाले तर नीट झाले म्हणतो, नाही झाले तर तेही म्हणतो, आणि या सगळ्यात समोरचा माणूस थकतो हे ध्यानात असते. घरात आपण वडीलधाऱ्यांशी आणि पोराबाळांशी हेच करतो, तेव्हा जमत नाही असे नाही.

स्नेह्यांना ही चर्चा कंटाळवाणी होत असावी. त्यांनी मध्येच सुरक्षिततेचे विचारले. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉनकॉर्डिया' खडकावर आपटली, ३२ माणसे गेली. त्या संध्याकाळी चढलेल्या कित्येक प्रवाशांची जीवरक्षक जाकिटांची तालीमही झालेली नव्हती. आता ती बोट सुटतानाच घेण्याचा नियम आहे, आणि ती चुकवू नये. कप्तान आधी उतरला हे जगाला ठाऊक आहे. सर्वांत शेवटी, नोव्हेंबर २०१४ मध्ये, सापडलेला देह मुंबईकडच्या एका भारतीय वेटरचा होता, आणि त्याने आपले जाकीट दुसऱ्याला दिले असे तेव्हा छापून आले होते. पुढे २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस'वर करोना पसरला तेव्हा २,६६६ प्रवाशांना आपापल्या खोल्यांत बसवून ठेवले, आणि १,०४५ कर्मचाऱ्यांपैकी पुष्कळ जण दारोदार जेवणाचे ट्रे पोचवीत राहिले. त्यांत १३२ भारतीय होते. खोलीत एकटे राहण्याची सोय त्यांना नव्हती. त्यांच्या केबिनीत दुसराही झोपत असे. माहितीपुस्तिकेत या सोयीची नोंद कुठे करता येईल, ते मला कळत नाही.

स्नेही उठले. दाराशी जाऊन पुन्हा वळले. "त्या बटलरला काय म्हणून हाक मारायची रे? मिस्टर म्हणायचं का?"

"नाव असतंय की काका. छातीवर पट्टी असते, नावाची. खाली देशाचं नावही असतं," विद्यार्थी म्हणाला. "फक्त अक्षर बारीक असतंय."

स्नेह्यांनी खिशातली डायरी काढली, औषधे आणि स्वेटर यांच्या यादीखाली 'वाचायचा चष्मा' असे लिहिले आणि ते जिना उतरू लागले.