निरोप समारंभातले एक वाक्य

दरवर्षी फेब्रुवारीत दहावीच्या मुलांचा निरोप समारंभ होतो आणि मुख्याध्यापक या नात्याने मला चार शब्द बोलावे लागतात. मुलांचे लक्ष अर्थातच टेबलावरच्या चिवड्याच्या पुड्यांकडे असते, आणि त्यात त्यांचे काही चुकते असे मला वाटत नाही. माझे भाषणही दरवर्षी थोड्याफार फरकाने तेच. त्यात एक वाक्य मात्र ठरलेले : ‘प्रामाणिकपणे कष्ट करा, सांगायची वाट न पाहता कामाला हात घाला, नवे शिकत राहा, तुम्ही पुढे याल.’ हे वाक्य मी इतकी वर्षे बोलत आलो आणि त्याने मला कधी त्रास दिला नाही. गेल्या गणेशोत्सवात दिला.

प्रसाद घेऊन एक जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर आयटीआय करून तो उद्यमबागेतल्या एका कारखान्यात टर्नर म्हणून लागला, त्याला आता चौदा वर्षे झाली. साध्या लेथवर हात बसल्यावर त्याने आपण होऊन सीएनसी यंत्राचे काम शिकून घेतले. रात्री इंग्रजी पुस्तिका समोर ठेवून शब्दकोशाच्या आधाराने वाचायचा. ड्रॉइंगवरची मापे आणि खुणा तो सहज वाचतो. कन्नड बोलतो आणि लिहितोही. सुपरवायझरची जागा रिकामी झाली तेव्हा ती आपलीच, असे त्याला वाटले आणि शेजारच्या यंत्रावरच्यांनाही वाटले. जागा मालकांच्या नात्यातल्या एका मुलाला मिळाली.

“सर, तुम्ही सांगितलासा तसंच मी केलो,” तो म्हणाला. “मग?”

तो भांडायला आला नव्हता. बशीतला मोदक संपवून, चहा पिऊन, पाया पडून गेला. तो ‘मग?’ मात्र मागे राहिला.

मी गणित शिकवतो. ‘असे केले तर असे होईल’ या धाटणीचे विधान एका उलट उदाहरणाने कोसळते, हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर सांगतो. माझे वाक्य नेमके त्याच धाटणीचे होते, आणि उलट उदाहरण माझ्या सोप्यावर बसून चहा पिऊन गेले होते. अशी उदाहरणे आमच्या नजरेस फारशी पडत नाहीत याचे एक साधे कारण आहे. स्नेहसंमेलनाला पाहुणा म्हणून आम्ही बोलावतो तो पुढे आलेला विद्यार्थी. तितकेच कष्ट करून जागच्या जागी राहिलेला विद्यार्थी शेवटच्या रांगेतही येऊन बसत नाही.

गीतेतला कर्म आणि फळ यांचा श्लोक इथे लगेच आठवतो, आणि तो सांगून मोकळे होण्याचा मोहही होतो. पण चौदा वर्षे यंत्रापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला, दरमहा ठरलेल्या तारखेला पगार घेणाऱ्या मुख्याध्यापकाने फळाची आशा सोडायला सांगावे, हे मला बरे वाटले नाही. त्याच्या मालकानेही त्याला आनंदाने तेच सांगितले असते.

दुसरा मोह म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट सांगण्याचा. आम्हां बेळगावकरांना ती जवळची, कारण त्यांचा जन्म १८६९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा, आणि आमच्या शहरात त्यांच्या नावाचा रस्ता आहे. चित्रकला शिकायला म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, तर रंग नीट ओळखता येत नाहीत असे निघाले. मग त्यांनी यांत्रिक ड्रॉइंग शिकून घेतले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवू लागले. तिथे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलण्यात आले. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाजवळ आले. दोघे भाऊ इथे सायकली विकत आणि त्या चालवायलाही शिकवत. पुढे कडबा कापायची यंत्रे, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे पहिला नांगर विकला जायला दोन वर्षे लागली. बेळगावातली जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी आपल्या संस्थानात माळरान देऊ केले, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली.

ही गोष्ट मी वर्गात कितीदा तरी रंगवून सांगितली आहे. त्या दिवशी माझ्या विद्यार्थ्याला मात्र सांगवली नाही. लक्ष्मणरावांना भाऊ होता, औंधचे राजेसाहेब होते. याच्यामागे घराच्या कर्जाचा हप्ता आहे आणि अंथरुणाला खिळलेली आई आहे. ‘तूही किर्लोस्कर हो’ म्हणणे सोपे आहे; ते बोलणारा सुरक्षित असतो. डावलल्या गेलेल्या सगळ्यांनीच कारखाने काढले असते तर आपल्या जिल्ह्यात शेताला जागा उरली नसती.

तरीही त्या गोष्टीतला एक तपशील माझ्या मनातून जात नाही. मुंबई सोडताना लक्ष्मणरावांनी खुर्ची, हुद्दा, पगार सगळे तिथेच ठेवले. हातातले ड्रॉइंग तेवढे बरोबर आले. ते काढून घेण्याचा अधिकार कोणत्याही प्राचार्याला नव्हता.

इथे मला स्वतःचे सांगणे भाग आहे, कारण मी मुख्याध्यापक कसा झालो हा भाग वरच्या वाक्यात कुठेच येत नाही. आमच्या खात्याची परिपत्रके कन्नडमध्ये येतात. अनेक वर्षे ती कुणाकडून तरी वाचवून घेत आमचा कारभार चालला होता. माझ्या वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी मी कन्नड लिपी गिरवायला घेतली. शाळा सुटल्यावर आमचे शिपाई मामा मला शिकवत. पाचवीचे पुस्तक, शिसपेन्सिल आणि मामांचा संयम. हे मी ज्ञानाच्या ओढीने केले असे म्हणालो तर खोटे होईल. मुख्याध्यापकांची निवृत्ती जवळ आली होती आणि पत्रव्यवहार सांभाळणाऱ्या माणसाकडे संस्थेचे लक्ष जाणार हे मला दिसत होते.

माझे एक ज्येष्ठ सहकारी माझ्यापेक्षा फार चांगले शिक्षक होते. त्यांनी कन्नड शिकायचे नाकारले. भाषेशी त्यांचे वैर नव्हते. कन्नड गाणी ते आवडीने ऐकत. पण १ नोव्हेंबर १९५६ रोजी ज्यांना न विचारता राज्य बदलले, त्यांनी पदासाठी लिपी गिरवू नये, असे त्यांचे मत होते. ते सहशिक्षक म्हणूनच निवृत्त झाले. या अंकाच्या वाचकांत दोन्ही बाजूंची घरे असतील. एकाच घरात दोन्ही बाजूही असतील. मी धडपड केली, शिकलो आणि पुढे आलो. ते ठाम राहिले आणि मागे राहिले. यातले नैतिक दृष्ट्या वरचढ कोण, हे मला आजही ठरवता आलेले नाही. त्यांच्या निरोप समारंभात अध्यक्ष मी होतो, आणि कष्ट करणारा पुढे येतो हे वाक्य त्या दिवशी माझ्या तोंडून निघाले नाही.

खुर्चीसाठी शिकलेली ती लिपी नंतर मात्र खुर्चीपुरती राहिली नाही. मी बेंद्रे वाचू लागलो, अडखळत, एका ओळीला दहा मिनिटे घेत. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे धारवाडचे, जन्म १८९६ चा, घरची भाषा मराठी. कन्नडचे थोर कवी झाले आणि १९७३ साली ज्ञानपीठाचे मानकरी ठरले. एम. ए. झाले तेव्हा ते चाळिशीच्या उंबरठ्यावर होते, आणि पुढे सोलापूरच्या कॉलेजात बारा वर्षे कन्नड शिकवत होते. त्यांच्या कवितेतले कळते तितके कळते, पण ते सुख मला कुणी बढती म्हणून दिलेले नाही, आणि निवृत्तीच्या दिवशी ते कार्यभारात कुणाकडे सोपवावे लागणार नाही.

आणि मामा? ज्यांच्यामुळे मी वाचू शकलो ते शिपाई म्हणून लागले आणि शिपाई म्हणूनच निवृत्त झाले. त्यांची शिकवणी कोणत्याही सेवापुस्तकात नोंदलेली नाही. ‘मी माझ्या कष्टाने वर आलो’ असे कुणी म्हणाले की आता मला त्यांची पाचवीच्या पुस्तकावर टेकलेली बोटे दिसतात.

दिवाळीच्या सुमारास तो विद्यार्थी पुन्हा भेटला, बाजारात. नव्या सुपरवायझरबद्दल मी विचारले. ड्रॉइंग त्याला नीट वाचता येत नाही, म्हणून तो रोज सकाळी याच्याकडे येतो आणि हा त्याला समजावून सांगतो. मी म्हणालो, “ज्यानं तुझी जागा घेतली, त्यालाच शिकवतोस?”

“सेटिंग चुकलं तर जॉब उडतंय, सर,” तो म्हणाला. “पुढं उभारलेल्या पोराचा हात जाईल की. त्या पोराचं काय चुकलंय?”

पिशवीत पणत्या होत्या. त्या सांभाळत तो गर्दीत निघून गेला.

यंदाच्या फेब्रुवारीत मी पुन्हा चार शब्द बोललो. कष्ट करा म्हणालो, वाट न पाहता कामाला हात घाला म्हणालो, शिकत राहा म्हणालो आणि थांबलो. टाळ्या नेहमीइतक्याच पडल्या. चिवडा वाटताना एक पालक जवळ आले. त्यांचा थोरला मुलगाही आमच्याकडूनच गेलेला, त्यामुळे भाषण त्यांना पाठ. म्हणाले, “सर, यंदा ‘पुढे याल’ म्हणायचं विसरलात काय?”

“विसरलो नाही,” मी म्हणालो, आणि त्यांना ऑफिसात चहाला घेऊन गेलो.