नाटकदीप

आमच्या नागपूर जिल्ह्यातल्या मौद्याकडे दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री खडी गंमत हे लोकनाट्य उभं राहतं. माझे वडील त्या गमतीत गॅसबत्त्या सांभाळत. रॉकेल भरायचं, पंप मारायचा, जाळी झडली की नवी बांधायची. एकदा मी हौसेनं बत्ती शाहिराच्या अगदी तोंडाशी नेली. वडील हळूच म्हणाले, “पोरा, बत्ती नाई दिसली पाहिजे, मानूस दिसला पाहिजे.”

पुढे विद्यारण्यांची पंचदशी वाचताना हे वाक्य पुन्हा भेटलं. चौदाव्या शतकातल्या या वेदान्तग्रंथाच्या दहाव्या प्रकरणाचं नावच ‘नाटकदीप’. नृत्यशाळेतला दिवा यजमान, प्रेक्षक आणि नर्तकी या सगळ्यांना सारखाच उजळतो. सगळे उठून गेले तरी तेवत राहतो. अहंकार हा यजमान, विषय हे प्रेक्षक, बुद्धी ही नर्तकी, इंद्रियं ताल धरणारी, आणि साक्षी आत्मा तो दिवा.

हा दिवा मला पुन्हा आठवला तो एका आगीमुळे. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी त्या थोर गायक-नटाची, केशवरावांची जयंती होती. रंगमंच गेला, खुर्च्या गेल्या. पुनर्बांधणी हाती घेतली गेली, तेव्हापासून एक प्रश्न मला सोडत नाही. लाकूड नवं, दिवे नवे, फलकही नवा. मग नाट्यगृह तेच राहील का?

नावात त्याची ओळख आहे म्हणावं, तर शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलं तेव्हा ते ‘पॅलेस थिएटर’ होतं. नाव बदललं, नाट्यगृह तेच राहिलं. भिंतींत आहे म्हणावं, तर दगडांना नाटक कळत नाही. वेदान्ताचं उत्तर सरळ आहे: नाम आणि रूप येतात-जातात, टिकतो तो प्रकाश.

हे मला पटतं. तरीही फलकाला मी माया म्हणून झटकू शकत नाही. केशवरावांनी १९०८ साली ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढली. १९२१च्या जुलैत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्वांसोबत ‘संयुक्त मानापमान’ केलं, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात, एकतिसाव्या वर्षी ते गेले. अशा माणसाचं नाव दारावर लावणं हे ऋण आहे. पितरांसाठी दिवा लावतो तसा त्या अक्षरांवरही लावायचा.

म्हणजे नाट्यगृहात दोन उजेड असतात. दारावरचा ऋणाचा, आतला साक्षीचा. पहिला कृतज्ञ असावा, दुसरा निःपक्ष. दोन्ही दिपवू लागले की धर्म चुकला. माझ्या तालुक्यात आज २३२० मेगावॅटचं वीज केंद्र आहे. उजेडाला तोटा नाही. म्हणूनच किती लावायचा, यापेक्षा कशासाठी लावायचा हे आधी ठरवावं लागतं.

काही परदेशी नाट्यगृहांत रिकाम्या रंगमंचावर रात्रभर एक दिवा जळत ठेवण्याची प्रथा आहे. अंधारात कुणी पडू नये म्हणून. विद्यारण्यांचा दिवाही रिकाम्या नृत्यशाळेत तेवतो. जुनं नाट्यगृह पुन्हा उभं करणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: फलकाची अक्षरं शांत, वाचता येतील अशा उजेडात ठेवा. आणि प्रयोग नसेल त्या रात्रीही मंचावर एक दिवा राहू द्या.