मंजुरी एका रोगाची, औषध दुसऱ्यास

सरकारनें जें औषध एका रोगासाठीं मंजूर केलें, तें डॉक्टरांनीं दुसऱ्याच रोगास द्यावें काय? देऊं नये, असें कोणीही चटकन् म्हणेल. आम्हीही म्हटलें असतें. परंतु थॅलिडोमाइड या औषधाची हकीकत ध्यानांत आणिली म्हणजे तसें म्हणवत नाहीं.

हें औषध पश्चिम जर्मनींत १९५७ सालीं झोंपेसाठीं म्हणून विक्रीस निघालें. तें इतकें निर्धोक मानीत कीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचूनही मिळे. गरोदर स्त्रियांनींही तें घेतलें, आणि निरनिराळ्या देशांत मिळून सुमारें १०,००० मुलें आंखूड हातापायांचीं किंवा अन्य व्यंगें घेऊन जन्मलीं. कित्येक जगलींच नाहींत. १९६१ च्या नोव्हेंबरांत तें तेथील बाजारांतून काढून घेण्यांत आलें. हा अनर्थ चोरून नव्हे, तर कायद्याच्या डोळ्यांदेखत घडला.

पुढें १९६४ सालीं यरुशलेम येथील कुष्ठरोग्यांच्या इस्पितळांत जेकब शेस्किन या डॉक्टरांनीं हेंच टाकून दिलेलें औषध एका रोग्यास दिलें. कुष्ठरोगांत कधीं कधीं अंगावर दुखऱ्या गांठी उठतात, ताप भरतो. त्या वेदनेनें या रोग्यास झोंप नव्हती. ती लागावी एवढाच हेतु. झोंप तर लागलीच, आणि थोड्याच दिवसांत गांठी व तापही उतरले! या उपयोगास अमेरिकन सरकारची मंजुरी मिळाली ती १९९८ सालीं. तोंवर ३४ वर्षें रोग्यांस तळमळत ठेवणें हा न्याय झाला असता काय? आम्हांस तसें वाटत नाहीं.

तथापि एवढ्यानें डॉक्टर मोकळे होत नाहींत. ब्राझील देशांत कुष्ठरोग्यांस हें औषध देत असतां पुनः तशींच मुलें जन्मलीं. रोग्याच्या गोळ्या घरांतील दुसऱ्यांनीं घेतल्या. वेष्टनावर गरोदर स्त्रीचें चित्र काट मारून छापिलें होतें. तें पाहून कित्येकींस वाटलें, ही गर्भ न राहण्याचीच गोळी! त्या बिचाऱ्यांचा काय दोष? त्यांस कोणीं नीट सांगितलेंच नव्हतें.

आमच्या खेड्यांतही रोगी डॉक्टरांस मायबाप म्हणतो आणि पुडी मुकाट्यानें खिशांत घालितो. मंजुरी नसतां औषध देणाऱ्या डॉक्टरांनीं, तें मूळ कशाचें, आपण कां देतों, अपाय कोणता आणि कोणीं घेऊं नये, हें रोग्याच्या भाषेंत सांगितलें पाहिजे, व त्याचा होकार घेतला पाहिजे. ते न सांगतील तर, वाचकहो, आपणच नम्रपणें विचारावें, "डॉक्टरसाहेब, हें औषध मूळ कशाचें, आणि मला कां देतां?" यांत अपमान मानणारे डॉक्टर आम्हीं पाहिले आहेत, तरी विचारावें. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांस उपदेशकांनीं वेष्टन वाचून दाखवावें. आणि उरलेल्या गोळ्या, शेजारणीनें कितीही आर्जव केलें तरी, तिला देऊं नयेत.