स्वतःहून येता येईल अशी खोली

धाकटी : ताई, मार्चअखेर शाळेचा राजीनामा देईन म्हणते. दिवसभर बदली तास, परीक्षा आली की सुपरव्हिजन, आणि समुपदेशन मधल्या सुट्टीत. तुमच्यासारखी स्वतःची प्रॅक्टिस असावी, एका मुलाला सलग पाऊण तास देता यावा.

थोरली : त्या पाऊण तासाचं मोल मोठं आहे. पण माझ्याकडे मूल पोचतं कसं, ते बघ. आधी आईच्या लक्षात यायला हवं, मग वडिलांना पटायला हवं, फी परवडायला हवी, क्लासमधून एखादी संध्याकाळ सुटायला हवी. ज्याचं दुखणं घरातच आहे, त्याला तेच घर माझ्याकडे कशाला आणेल?

धाकटी : शाळेत येतात अशी मुलं. ‘मॅडम, सहज आले’ म्हणतात आणि थोड्या वेळाने रडायला लागतात. पण ती गेली की मुख्याध्यापक विचारतात, काय म्हणत होती? पगार शाळा देते, ताई. मी नेमकी कुणाची?

थोरली : फी भरणारे पालकही दारातच विचारतात. म्हणून मी पहिल्या भेटीत मुलासमोरच ठरवून घेते : जिवाला धोका दिसला तर सांगेन, एरवी मुलाचं बोलणं मुलाचंच. आणि लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल, तर 2012 च्या पोक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं तुलाही बंधनकारक आणि मलाही. तेही मुलाला आधीच सांगायला हवं.

धाकटी : कायद्यासाठी बोलायला मी कचरत नाही. शाळेचं नाव राखायला गप्प बसवतील, त्याची भीती वाटते. आरोप शाळेतल्याच माणसावर असला तर? ‘आधी आपण आत बघू’ म्हणतील.

थोरली : आत बघेपर्यंत थांबा, असं कायदा म्हणत नाही. हाताखालच्या माणसाचा असा गुन्हा न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला कलम 21 खाली एक वर्षापर्यंत कैद आहे. तरी कायदा बाजूने असूनही स्टाफरूममध्ये तू एकटी पडशील. मला त्या जागी कधी उभं राहावं लागलेलं नाही, म्हणून ‘सोस’ असं मी तुला सांगणार नाही.

धाकटी : मग मधला मार्ग काढू? सकाळी शाळा, संध्याकाळी त्याच मुलांना घरी बोलवायचं, फी घेऊन.

थोरली : ते मात्र नको. मग सकाळी मूल समोर बसलं की तुझ्याच मनात येईल, हे आत्ता ऐकू की संध्याकाळवर ढकलू? प्रॅक्टिस करायचीच तर दुसऱ्या शाळांच्या मुलांची कर.

धाकटी : म्हणजे थांबावं, असंच ना? मुलांचं नाव घेऊन अडकवू नका. दमलेली समुपदेशक त्यांच्या काय कामाची?

थोरली : त्याग म्हणून तर मुळीच थांबू नकोस. पण माझं मत विचारशील तर मुलाला स्वतःहून येता येतं ती खोली आधी वाचवावी. सर्वोच्च न्यायालयाने 25 जुलै 2025 च्या निकालात 100 किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमायला सांगितलं आहे. माणसं नेमली जातील. त्यांना बदली तासाला धाडायचं की खोलीत बसू द्यायचं, हे तुझ्यासारख्यांनी भांडून ठरवून घ्यायचं आहे.

धाकटी : मग लेखी मागते. बदली तास नाहीत. नोंदींच्या कपाटाची किल्ली माझ्याकडे. पोक्सोची माहिती मी थेट पोलिसांना देणार.

थोरली : आणि नाही म्हणाले तर?

धाकटी : तर राजीनामा, आणि तोही कारणासकट.

थोरली : तसं झालं तर नियमित येणाऱ्या मुलांना आधी सांग, पुढे कुणाकडे जायचं ते. सुट्टी लागायच्या आत.