दोन ठोक्यांमधली जागा

रात्री जेवणं आटोपली, घर निवांत झालं की इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घ्या. ॲम्प बंदच राहू द्या. पंखाही थोडा वेळ बंद करा. सगळ्यात जाड, सहावी तार एकदाच छेडा आणि हात बाजूला घ्या. गिटारचं लाकूड बरगड्यांना टेकलेलं आहे. थरथर तिथे जाणवेल. नेहमीच्या सुरात लावलेली ही तार सेकंदाला साधारण ८२ वेळा कंप पावते. आवाज पुरता विरेपर्यंत दुसरं काही करू नका. तारांखालचं पिकअप कितीही महागाचं असो, त्याच्या वाट्याला येणार आहे ते हेच कंपन. ते आधी आपल्या ओळखीचं होऊ द्या.

आता ॲम्प लावा, पंखा-दिवे नेहमीसारखे सुरू करा, गेन वाढवा. पण वाजवू नका. नुसतं ऐका. बारीक घूंघूं ऐकू येईल. घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते. ट्यूबलाइटचा चोक, इन्व्हर्टरचा ट्रान्सफॉर्मर यांच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र त्याच तालात हलत असतं आणि एकेरी कॉइलचं, म्हणजे तारेच्या एकाच गुंडाळीचं, पिकअप ते इमानानं उचलतं. बसल्या जागी गिटार घेऊन हळूहळू वळा. एका दिशेला घूंघूं वाढेल, दुसऱ्या दिशेला बरीच मावळेल. त्या कमी आवाजाच्या दिशेला तोंड करून जरा वेळ बसा.

नवं पिकअप बसवायचं मनात येतं, कारण आपल्याला हवा आहे जड आवाज. मग एखादा मेटल संगीतातला रिफ मनात आणा. तळहाताची कड ब्रिजपाशी तारांवर टेकवून मारलेले ठोके. ठोका, तुटक शांतता, पुन्हा ठोका. त्या मधल्या जागेत घूंघूं शिरली की ठोक्याची धार गेलीच म्हणून समजा. मराठवाड्यात हलगी ऐकत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. हलगी विस्तवावर शेकतात ती कातडं ताठ व्हावं म्हणून. ताठ कातड्यावरचा ठोका चटकन सुटतो आणि चटकन संपतो. मिरवणुकीच्या गलक्यातही एकेक ठोका सुटा ऐकू येतो. जड आवाजाचा निम्मा भाग शांततेचा असतो, असं मी मनापासून मानतो. या विचारापाशी थोडं थांबा. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

ही घूंघूं शिरते कशी, हे कळायला आधी पिकअप म्हणजे काय ते पाहू. लातूरहून नांदेडला निघालं की वाटेत अहमदपूर लागतं, लोहा लागतं. या भागात मोटार भरून देणारी दुकानं नवी नाहीत. व्होल्टेज कमी पडलं, विहिरीवरची मोटार जळाली, की शेतकरी ती तिथे टाकतो आणि कारागीर जळकी तार उपसून नवे वेढे भरतो. पिकअपही तांब्याच्या वेढ्यांचंच काम आहे, फक्त उलट्या दिशेचं. मोटारीत विजेतून हालचाल होते, पिकअपमध्ये हालचालीतून वीज. हालचालीतून वीज मिळण्याचा नियम शास्त्रज्ञ फॅरडेनं १८३१ साली दाखवून दिला. पिकअपची तार मात्र केसाइतकी बारीक, सुमारे ०.०६ मिलिमीटरची, आणि वेढे हजारोंनी. चुंबकावर पोलादी तार थरथरते, वेढ्यांमध्ये इवलासा प्रवाह उमटतो, ॲम्प त्याला मोठा करतो. प्रवाहासोबत घूंघूंही मोठी होते.

या घूंघूंवरचा उपाय सेथ लव्हर या गिब्सन कंपनीतल्या अभियंत्यानं काढला. १९५५ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. दोन कॉइल शेजारी ठेवायच्या, त्यांची चुंबकी टोकं एकमेकांविरुद्ध, जोडणीही विरुद्ध. बाहेरची घूंघूं दोन्हींत शिरते आणि आपसात खोडली जाते. तारेचा स्वर मात्र दोन्हीकडून येऊन मिळतो. हाच हंबकर. डोळे मिटून एवढंच मनात आणा: नको ते वजा होतं आहे, हवं ते जमा होतं आहे.

पुढे १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओचं ‘सुपर डिस्टॉर्शन’ हे पिकअप आलं, मुद्दाम बदलून बसवण्यासाठी बनवलेलं. वेढे जास्त, चुंबक सिरॅमिकचा, त्यामुळे ॲम्पचा आवाज लवकर फाटतो. पण वेढे वाढवले की वरचे बारीक स्वर दबतात, मधले पुढे येतात. इथे स्वतःला विचारा: जडपणासाठी मी काय सोडायला तयार आहे? सुट्या तारांचा झगमगता आवाज मला किती प्रिय आहे? उत्तर येईपर्यंत पैसे खर्च करू नका.

‘ब्लॅक सॅबथ’ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याचंही स्मरण ठेवा. बर्मिंगहॅमच्या कारखान्यात त्याच्या दोन बोटांची टोकं गेली. त्यानं प्लास्टिक वितळवून टोपणं केली, हलक्या तारा चढवल्या, पुढे त्या तीन अर्धस्वर उतरवल्या. १९७० च्या ‘ब्लॅक सॅबथ’ याच नावाच्या त्यांच्या पहिल्या अल्बममधला तो काळाकुट्ट आवाज एकेरी कॉइलच्या पिकअपवरचा आहे. हाताचं वजन पिकअपला देता येत नाही.

आता नजर भिंतीतल्या तीन पिनांच्या प्लगकडे वळवा. त्याची मोठी पिन अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यापर्यंत जाते. खड्ड्यात कोळसा असतो, मीठ असतं, आणि ओल लागते. आपल्याकडे वैशाखात जमीन तडकते, तेव्हा खड्डाही कोरडा पडतो आणि अर्थिंग दुबळं होतं. गिटारच्या तारा ब्रिजखालच्या वायरनं याच अर्थिंगला जोडलेल्या असतात, आणि आपली बोटं त्या तारांवर. दुबळ्या अर्थिंगची करकर हंबकरही खोडत नाही, आणि ॲम्पमध्ये बिघाड असला तर झटका जिवावर बेतू शकतो. म्हणून पहिला मान अर्थिंगला. तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घाला.

मग स्क्रू-ड्रायव्हर घेऊन पिकअपची उंची पाहा. अर्धा फेरा वर, ऐका. अर्धा फेरा खाली, ऐका. फार जवळ गेलेला चुंबक तारेलाच ओढतो आणि स्वर डळमळतो. या कामाला एक रुपयाही लागत नाही.

एवढं करूनही मन भरलं नाही, तर हंबकर जरूर बसवा. लाकूड कोरायचं नसेल तर एकेरी कॉइलच्या मापाचे हंबकरही मिळतात. व्हॉल्यूमचा पॉट २५० किलोओहमचा असेल तर ५०० चा घाला. डाग द्यायला हात बसलेला माणूस शोधा, आणि ब्रिजची अर्थिंग वायर त्याला परत जोडायला लावा. निवडताना आउटपुटच्या आकड्यावर भुलू नका. ज्या पिकअपवर तुमचा ठोका संपला की आवाजही संपतो, तेच घ्या.