झाकणे आणि लपवणे

झाकलेली वस्तू आणि लपवलेली वस्तू यांत भेद कोणता, असे एकाएकी कोणी विचारले तर भलाभला मनुष्यही क्षणभर घुटमळेल. दोन्ही वस्तू डोळ्यांआड असतात. दोहोंवर कशाचे तरी आवरण असते. तथापि गृहिणी दुधावर झाकण ठेवते तेव्हा ती दूध लपवते असे कोणी म्हणत नाही, आणि दुकानदार पारड्याखाली लोखंडाचा तुकडा चिकटवतो तेव्हा तो केवळ झाकतो असेही कोणी म्हणत नाही. हा भेद नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून आम्ही वाचला नव्हता असे नाही. परंतु तो अंगी भिनला तो एका खेळण्यातल्या मोटारीमुळे, आणि तेही आमचीच चूक झाल्यामुळे. ती हकीकत सांगण्यापूर्वी त्या मोटारीची आणि तिच्या रंगकामाची वाचकांस थोडी ओळख करून देणे अवश्य आहे.

हातातील रिमोटवरून रेडिओलहरींच्या योगाने चालणाऱ्या या मोटारी खऱ्या मोटारींच्या हुबेहूब प्रतिकृती असतात. पुष्कळांचे प्रमाण एकदशांश असते. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्श ९३४ या शर्यतीच्या मोटारीची अशी प्रतिकृती बाजारात आणली, आणि या छंदाच्या इतिहासात त्या गाडीचे नाव आजही आदराने घेतले जाते. शर्यतीत पळवायच्या पुष्कळशा गाड्यांची वरची बॉडी पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लॅस्टिकची करतात. हा पदार्थ १९५३ साली जर्मनीत हर्मान श्नेल यांनी व अमेरिकेत डॅनिएल फॉक्स यांनी स्वतंत्रपणे तयार केला. त्याचा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा पत्रा तापवून साच्यावर ठेवतात व खालून हवा ओढून घेतात, म्हणजे तो साच्याला घट्ट बसून मोटारीचा आकार घेतो. अशी काचेसारखी स्वच्छ, वजनाला हलकी आणि धक्के सोसणारी बॉडी कोरीच विकत मिळते. तिला रूप देणे हे ज्याचे त्याने करायचे असते.

आता या रंगकामातील मौज अशी की रंग बाहेरून द्यायचा नसून आतून द्यायचा असतो. बाहेरून दिलेला रंग पहिल्याच टकरीत खरवडला जाईल. आतून दिला म्हणजे ओरखडे प्लॅस्टिकावर पडतात आणि रंग सुरक्षित राहतो. परंतु एवढ्याने कामाचा सारा क्रमच उलटा होतो. कागदावर चित्र काढणारा आधी पार्श्वभूमी रंगवतो आणि बारीक रेषा शेवटी काढतो. येथे जे सर्वांत वर दिसावयाचे ते सर्वांत आधी रंगवावे लागते; अक्षरे काढायची तर आरशातल्यासारखी उलटी काढावी लागतात. तंजावरच्या जुन्या काचचित्रांत हीच रीत आहे: देवाच्या डोळ्यांची रेघ आणि अलंकार आधी, मागचा पडदा शेवटी. बव्हेरियातील मुर्नाउ गावच्या परिसरातही ही लोककला होती, आणि गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात कांदिन्स्की व गाब्रिएल म्युंटर या चित्रकारांनी तेथे तिचा अभ्यास केला. या कलेचा कठोरपणा असा की पहिला फटका चुकला तर त्याच्यावर दुसरा मारून तो सुधारता येत नाही. दुसरा फटका पहिल्याच्या मागेच जातो.

पण या कामाचा खरा प्राण रंगात नाही, झाकण्यात आहे. प्रथम बॉडी आतून साबणाच्या पाण्याने धुऊन तिचा ओशटपणा घालवतात. खिडक्यांच्या जागी कागदी चिकटपट्ट्या लावतात, कारण त्या शेवटपर्यंत पारदर्शक राहिल्या पाहिजेत. मग आतल्या अंगाला वाळल्यावर रबरासारखा होणारा एक द्रव ब्रशाने दोनतीन हात देऊन लावतात व रात्रभर सुकू देतात. नक्षी बाहेरच्या संरक्षक पातळ पापुद्र्यावर पेनाने काढलेली असते; ती आतून दिसते, आणि तिच्या रेषेवरून धारदार पात्याने रबराचा तेवढाच थर कापायचा असतो. ज्या भागावर पहिला रंग द्यायचा तेवढाच भाग सोलायचा, रंगाचे विरळ फवारे मारायचे, वाळू द्यायचे. मग पुढचा भाग सोलायचा. रंग सहसा गडद आधी व फिका नंतर देतात, कारण फिक्याच्या मागून गडद दिसून येते. दाट फवारा मारण्याची घाई केली तर रंग आवरणाच्या कडेखाली शिरतो आणि रेषा फाटते. सर्व झाल्यावर बाहेरचा पापुद्रा ओढून काढतात, तेव्हा कुठे, कित्येक दिवसांच्या आंधळ्या श्रमांनंतर, काम चकाकत पुढे येते.

आमचा तेरा वर्षांचा भाचा या छंदाच्या पुरता आहारी गेलेला आहे. गेल्या दिवाळीच्या सुटीत तो एक कोरी बॉडी घेऊन आमच्याकडे राहावयास आला. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, पट्ट्यांना पांढरी किनार, असा त्याचा बेत होता. ज्या वस्तूला भिंतीवर आपटण्यासाठीच जन्म आहे तिच्यावर आठवडाभर इतकी मेहनत का घ्यावी, हे आम्हांस प्रथम कळेना, आणि आम्ही तसे बोलूनही दाखवले. तो म्हणाला, "मामा, रांगोळी पुसलीच जाते, म्हणून आजी ती वेडीवाकडी काढते का?" यावर आम्हांस उत्तर सुचले नाही. आम्ही निमूटपणे पाते हाती घेतले.

मागच्या चाकावरची कमान कापण्याचे काम आमच्याकडे आले. तेथे पृष्ठभाग वळतो. आमचा हात जड पडला आणि पाते रबरातून उतरून प्लॅस्टिकात रुतले. बॉडी उजेडात धरली तेव्हा केसाएवढी रेघ दिसली. भाचा तेव्हा स्वयंपाकघरात होता. ती रेघ नेमकी काळ्या पट्ट्याच्या काठावर येत होती. काळा रंग चढला की ती दिसणार नव्हती. आम्ही काही बोललो नाही. काळा चढला, पांढरा चढला, पिवळा चढला, त्यामागे उठाव यावा म्हणून पुन्हा पांढऱ्याचा हात दिला. शेवटी बाहेरचा पापुद्रा निघाला तेव्हा मुलाच्या तोंडाकडे पाहत राहावे असे वाटले, आणि पाहवतही नव्हते.

पुढच्या रविवारी मैदानावर गाडी दगडी काठाला घासून आपटली. टक्कर मोठी नव्हती. परंतु बॉडी चाकाच्या कमानीपासून तडकली आणि चीर काळ्या पट्ट्याच्या काठाने सरळ वर गेली. भाचा ती हातात घेऊन म्हणाला, "माझंच चुकलं. वळण आधी घ्यायला हवं होतं." त्याने आपल्या हातांस दोष दिला आणि तो दोष आम्ही त्याच्याकडे दोन दिवस राहू दिला. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्याला सारे सांगितले. तो रागावेल अशी आमची अपेक्षा होती. त्याने चिरेचे तोंड बोटाने चाचपले आणि एवढेच म्हटले, "तेव्हाच सांगितलं असतंत, तर रंग झाल्यावर आतून पट्टी लावली असती."

या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला आहे. त्या आठवड्यात त्या बॉडीवर आम्ही दोन आवरणे घातली होती. एक रबराचे, आणि दुसरे आमच्या मौनाचे. रबराचे आवरण घालतानाच ते कधी काढायचे हे ठरलेले होते. ते काढल्यावाचून त्याचे कार्यच सिद्ध होत नाही. मौनाचे आवरण मात्र कधीच निघू नये यातच त्याचे यश होते. पहिले ज्या वस्तूवर घातले तिच्या हिताचे होते. दुसरे घालणाऱ्याच्या सोयीचे होते. आमच्या मते झाकणे आणि लपवणे यांतील सीमारेषा हीच. आवरण कोणासाठी आहे, आणि ते काढण्याची वेळ आपण स्वतः नेमली आहे की दैवावर सोडली आहे, हे दोन प्रश्न विचारले म्हणजे बहुधा मन फसत नाही. गुरुजी उदाहरणाचे उत्तर हाताखाली धरतात ते झाकणे. त्यांनाच उत्तर येत नसून ते हात धरतात ते लपवणे.

यावर कोणी म्हणेल की आपली भाषा हा भेद पाळत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण म्हणतो. आणि कोंबडे झाकल्याने तांबडे फुटायचे राहत नाही, असेही म्हणतो. एक म्हण झाकण्याचा गौरव करते, दुसरी त्याची टर उडवते. परंतु नीट पाहता दोन्ही म्हणी आमच्याच बाजूने बोलतात. मूठ ज्याची त्याची आहे. आपले दैन्य चव्हाट्यावर न मांडण्याचा प्रत्येकास अधिकार आहे, आणि दुसऱ्याची लाज जन्मभर झाकणाऱ्यास आपण सज्जनच म्हणतो, कारण ते आवरण त्या दुसऱ्यासाठी असते. त्याच रिकाम्या मुठीवर सावकाराकडून कर्ज काढले की मात्र ती आपली एकट्याची राहत नाही. कोंबडे झाकणाराचेही तेच. उजाडणे सर्व गावाचे असते. ते अडवण्याचा त्याला हक्क नसतो. आमच्या हातून पडलेली रेघ आमची नव्हती. ज्याच्या गाडीला ती पडली त्याची ती होती.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे, आणि ती त्या मुलाच्या वाक्यात आली आहे. लपवण्यातील पाप केवळ असत्यात नसते. दोष वेळीच कळला असता तर त्याला आधार देता आला असता, ती संधी लपवणारा हिरावून घेतो. रेघ पडणे हा अपघात होता. चीर वाढणे हे आमचे कृत्य होते. खेळण्याच्या बाबतीत हे लहान वाटेल. परंतु पुलाच्या खांबातील पोकळी आणि औषधाच्या मात्रेतील चूक याच मार्गाने वाढतात, आणि मनुष्याला त्यांची सवय पुलावर लागत नाही. ती अशाच लहान वस्तूंवर, कोणी स्वयंपाकघरात गेलेले असताना लागते.

बॉडी टाकून द्यावी असे आम्ही सुचवले. नवी आणून देण्याचेही कबूल केले. भाच्याने ऐकले नाही. त्याने चिरेवर आतून जाळीची पट्टी बसवली आणि तीवर रबरासारखा चिवट गोंद फासला. बाहेरून काळ्या पट्ट्याच्या काठाने एक पांढुरकी रेघ आता स्पष्ट दिसते. तीवर स्टिकर लावावा, असे आम्ही म्हणालो. "राहू दे, मामा," तो म्हणाला, "कुठे जपून चालवायची ते कळतं." गाडी अजून धावते आहे.